वशिंड नसलेला बैल

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये मिस्सा सुरू होण्याआधीचा थोडा वेळ माझा असतो. गाणाऱ्या पोरांची पेटी आणि ढोलकी जुळेपर्यंत लोकांना बसवून ठेवायचं, एवढंच ते काम. मी श्रीरामपूरला एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला आहे. हाताशी पुस्तकं असतात, म्हणून फार वर्षांपूर्वी तेव्हाच्या फादरनी मला सांगितलं होतं, "जगात नाताळ कसा करतात ते लोकांना सांगत जा." तेव्हापासून सांगतो. एरवी मी न बोलणारा माणूस. बायको म्हणते, "वर्षाचं बोलणं तुम्ही त्या एका संध्याकाळी उरकून टाकता."

आमचं गाव श्रीरामपूरहून एसटीनं अर्ध्या तासावर, पाटाच्या कडेला. पूर्वी मिस्सा मध्यरात्री व्हायची. आता ऊस चर्चच्या कुंपणाला येऊन टेकलाय आणि उसात बिबट्या आहे, त्यामुळं ती संध्याकाळी सातला होते आणि जेवायच्या वेळेला माणसं घरी जातात. आमच्याकडं बाळ येशू बिबट्याला भिऊन लवकर जन्माला येतो, असं पोरं म्हणतात.

तर मी सांगायचो. नॉर्वेत नाताळच्या रात्री घरातले झाडू लपवून ठेवायची पद्धत होती, कारण चेटकिणी ते पळवतात आणि त्यावर बसून हिंडतात. बायकांच्या बाजूनं लगेच आवाज आला, "शेजारणी दिवाळीला केरसुणी पुजतात, अन् ह्या लपवून ठेवतात!" युक्रेनमध्ये नाताळच्या झाडावर कोळ्याचं जाळं शुभ मानतात, मुद्दाम चंदेरी तारेचं करून लावतात. "मग आमच्या घरी बारा महिने नाताळ," एक म्हातारी म्हणाली. व्हेनेझुएलाच्या राजधानीत लोक नाताळच्या दिवसांत पहाटे चाकांचे बूट घालून चर्चला जातात, त्यासाठी रस्ते मोकळे ठेवतात. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "आपण तसं आलो तर मिस्सा पाटातच." जपानात नाताळला तळलेली कोंबडी लागते, आधीपासून नंबर लावून. हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं.

काही गोष्टी ऐकून लोक गप्प व्हायचे. पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलमधल्या शुभवर्तमानात कुठंच नाही, ती पुढं ठरली. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या एका वसाहतीत नाताळ साजरा करणाऱ्याला दंड होता, आणि दंड करणारे ख्रिस्तीच होते, फार कडक भक्तीचे. येशूच्या जन्माच्या चित्रांत बैल आणि गाढव असतात, त्यांचाही शुभवर्तमानातल्या जन्मकथेत उल्लेख नाही. गव्हाण आहे. गव्हाण आहे म्हणजे गुरं असणारच, हे माणसांनी आपल्या मनानं धरलं.

आमच्या गावानं तर ते धरलंच, कारण आमच्या गव्हाणीपाशी, म्हणजे नाताळच्या देखाव्यापाशी, खरी गाय असायची.

चर्चच्या मागच्या भिंतीला लागून एका शेतकऱ्याचा गोठा आहे. गाव त्यांना आप्पा म्हणतं. गळ्यात तुळशीची माळ, वय पंच्याहत्तरीच्या पुढं. मी लहान होतो तेव्हा चर्चच्या गव्हाणीतल्या मातीच्या मूर्ती ऐन नाताळच्या तोंडावर अवकाळी पावसात भिजल्या. मरिया आणि योसेफ कसेबसे वाचले. गाय पार विरघळली. माझे वडील आणि बाकीची माणसं त्या चिखलाकडं बघत उभी होती, तेवढ्यात आप्पा भिंतीवरून डोकावले. "गाईवाचून अडलंय व्हय तुमचं? माझी खरी हाय की." आणि त्यांनी गाय आणून बांधली.

तेव्हापासून दरवर्षी. गाय धुऊनपुसून, शिंगांना हिंगूळ लावून, गळ्यात घुंगुरमाळ घालून आप्पा मिस्सेच्या आधी हजर. मिस्सा संपली की पहिली पुरणपोळी गाईला, मग बाळाच्या पाया पडायला लोकांची रांग. "बैलाला पोळा, गाईला वसुबारस, आन् माझ्या गाईला वर नाताळ. लई लाडावलीय," आप्पा म्हणायचे. त्या पहिल्या गाईची कालवड, तिची कालवड, असं चालत आता जी आहे ती तांबडी. पुढं गोठ्यात दुधासाठी जर्सी गाई आल्या. ही एक देशी मात्र आप्पांनी ठेवली, आणि कशासाठी ठेवली ते गावाला माहीत होतं.

एकदा पोलंडमधली समजूत मी सांगितली होती, की नाताळच्या रात्री गुरं माणसासारखी बोलतात. आप्पा दावं धरून उभे होते. म्हणाले, "नको बाबा. डेरीच्या दुधात पानी किती घालतो ते सांगत बसंल." त्या वर्षी पुढचं माझं वाचन कुणी ऐकलंच नाही.

आता जे सांगायचंय ते. कन्फेशनला मी नियमानं जातो. रागावलो, खोटं बोललो, प्रार्थना चुकवली, असलं सांगून हलका होतो. हे सांगितलं नाही. फादरना वाटलं असतं, यात पाप कुठंय? आणि मला ते समजावून सांगता आलं नसतं.

काही वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका सरांना मी नाताळला घरी बोलावलं. आग्रहानं चर्चमध्ये नेलं, अंगणात गव्हाणीसमोरच्या खुर्चीवर बसवलं. ऐन गाण्यात गाय मुतली. अंगणात तेव्हा नवेच पेव्हर ब्लॉक बसवले होते. त्यावरून ओघळ जो निघाला तो सरळ सरांच्या बुटापर्यंत. सर मोठ्या मनानं हसले. सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये म्हणाले, "तुमच्याकडं नाताळ म्हणजे बैलपोळाच की हो!" सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या आत काहीतरी आखडून गेलं ते गेलंच. पुढं मोबाईलवर परदेशातल्या गव्हाणी बघायचो, कोरलेल्या, रंगवलेल्या, दिव्यांत चमकणाऱ्या, आणि वाटायचं, आपली अशी का नाही.

गेल्या वर्षी मी चर्चच्या कमिटीचा सचिव झालो. नाशिकला फायबरच्या मूर्तींचा पूर्ण संच मिळत होता. मेंढपाळ, उंट, राजे, बैल, सगळं. मी कमिटीपुढं तीन कारणं मांडली. ब्लॉक खराब होतात. शेण काढायला हल्ली पोरं पुढं येत नाहीत. आणि दिवस पूर्वीसारखे राहिले नाहीत, चर्चमध्ये गाय बांधल्याचा फोटो कुणी कसाही फिरवेल. तिसरं कारण सगळ्यांना पटलं आणि संच घ्यायचं ठरलं. ते कारण खोटं होतं असं नाही. पण माझं कारण ते नव्हतं. खऱ्या भीतीच्या आड मी माझी लाज लपवली.

उठताना एकजण म्हणाले, "आप्पांना सांगायला पाहिजे. तुम्हीच सांगा, तुमचं घरचं आहे."

मी म्हणालो, "सांगतो."

आप्पा मला रोज सकाळी दूध डेअरीवर भेटायचे. मी घरासाठी दूध घ्यायला, ते घालायला. फॅट कमी लागली यावर बोलणं व्हायचं, उसाच्या तोडीवर, त्यांच्या गुडघ्यावर. रोज मी ठरवून जायचो आणि रोज कॅन झाकून ते निघेपर्यंत माझं तोंड उघडायचं नाही. असा अख्खा डिसेंबर गेला. चोवीस तारखेला डेअरीवर ते म्हणाले, "येतो मग सांजच्याला." मी मान हलवली. मान हलवली, एवढंच केलं मी.

संध्याकाळी अंगण बघण्यासारखं झालं होतं. सगळ्या मूर्तींवर दिव्यांच्या माळा. पोरं बैलाभोवती गोळा झाली होती. एका पोरीनं विचारलं, "याला वशिंड का नाय?" तो युरोपातला बैल, पाठ एकदम सपाट. दुसरा म्हणाला, "याला जुंपायचं कुठनं?" मी हसून त्यांना बाजूला केलं आणि माईकपाशी गेलो.

त्या वर्षी मी गव्हाणीचाच इतिहास निवडला होता. नव्या संचाला शोभेल असा. सुरुवात बरी झाली. पुढचा परिच्छेद मोबाईलवर समोर होता. सुमारे आठशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डोंगरी खेड्यात एका साधूनं पहिल्यांदा अशी गव्हाण मांडली. त्यानं मूर्ती ठेवल्या नाहीत. गावातल्या एका माणसाला सांगून खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणवलं. ते बाळ कसल्या अडचणीत, कसल्या गवतावर निजलं ते लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढीच त्याची इच्छा होती. गावकरी मशाली घेऊन आले.

मी मान वर केली आणि फाटकात आप्पा दिसले. हातात दावं, मागं तांबडी, शिंगं ताजी लाल. ते आत येत नव्हते. अंगणातल्या त्या उजेडाकडं बघत उभे होते.

मी तो परिच्छेद गाळला. बोटानं स्क्रीन सरकवली आणि जर्मनीतल्या नाताळच्या झाडावर आलो. आवाज जराही हलला नाही माझा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणी सुरू झाली. पुन्हा फाटकाकडं पाहिलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

बायकोनं नंतर सांगितलं. फाटकाशी एका पोरानं त्यांना म्हटलं, "आप्पा, यंदा मूर्त्या आणल्यात." त्यावर ते म्हणाले, "ब्येस हायेत," आणि गाय वळवून निघून गेले.

नाताळच्या दिवशी फराळाचं ताट सगळ्यात आधी आप्पांच्या घरी जातं. करंज्या, शंकरपाळी, पुरणपोळी. बायको म्हणाली, "या वेळी तुम्ही न्या." मी म्हटलं, "माझं डोकं दुखतंय." मग ती स्वतःच घेऊन गेली. ताट परत आलं ते पेरूंनी भरून. आप्पांच्या घरून ताट कधी रिकामं आलेलं नाही. ते पेरू मला खाववले नाहीत.

पुढचं वर्ष मी डेअरीवर गेलो नाही. पिशवीचं दूध आणू लागलो. बायकोला सांगितलं, आपल्याला ते पचतं. मग पावसाळा संपता संपता एक दिवस तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, "तांबडीला गोशाळेत धाडायचं म्हणतोय आप्पांचा पोरगा."

"का?"

"दूध नाही, गाभण राहत नाही. म्हणतो, हिला ठेवायची कशाला? आधी एक संध्याकाळ तरी होती." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "अहो, मला सगळं कळत नाही असं समजू नका. पण मी तुमच्या वतीनं काही बोलणार नाही. ताट नेलं तेवढं बास."

तरीही मला जायला डिसेंबर लागला. एका रविवारी दुपारी गोठ्यात गेलो. आप्पा गव्हाणीत कडबा टाकत होते.

"कोन? लायबरी व्हय? रस्ता चुकला का काय?"

"नाही, आप्पा. तुमच्याकडंच आलोय."

"बस मग. त्या पोत्यावर बस, तितं वलं न्हाई."

मी बसलो नाही. म्हटलं, "गेल्या वर्षी मूर्ती आणायचं ठरलं, ते तुम्हाला सांगायचं काम माझ्याकडं होतं. मी सांगितलं नाही."

"म्हाईत हाय." त्यांनी कडबा टाकायचा थांबवला नाही. "तू सांगितलं न्हाईस ते म्हाईत हाय. का न्हाई सांगितलंस ते म्हाईत न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. सरांचे बूट, स्टाफरूम, मोबाईलवरचे फोटो. कमिटीत पुढं केलेली कारणं. मूर्तींचा हट्ट माझाच होता, हेही. शेवटी तो गाळलेला परिच्छेद सांगितला, जसा होता तसा, गवतासकट.

आप्पांनी पेंढी खाली ठेवली. "म्हंजी, गाय मुतली म्हनून?"

"हो."

"आरं, मग तिनं काय कमिटीची परवानगी काढायची हुती?" आणि ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तांब्या हातातच धरून ते म्हणाले, "म्हातारीनं त्या दिशी नवं धोतर काढून दिलं हुतं."

त्यांनी तांब्या बाजूला ठेवला.

"मी फाटकात हुतो तवा बगत हुतास का माझ्याकडं?"

"बघत होतो."

"मला वाटलं, एवढा उजेड तुझ्या डोळ्यावर, तुला दिसत नसंल मी. घरी बी तेच सांगितलं मी. म्हातारी म्हनाली, त्यानं बगून बी बोलवलं न्हाई. मी म्हनलं, न्हाई गं, दिसलं नसंल त्याला."

"दिसत होतं, आप्पा."

वर्षभर हा माणूस माझी बाजू घेऊन घरात भांडला होता. हे ऐकण्यापेक्षा शिव्या ऐकणं मला सोपं गेलं असतं. मी त्या पोत्यावर बसलो. तांबडी माझ्या बाहीला हुंगून गेली.

मी विचारलं, "यंदा याल?"

"न्हाई."

"आप्पा..."

"कमिटीला इचारलंस?"

"अजून नाही."

"मग आदी इचार. ती जनावर हाय, तिला दारातनं माघारी नेली तर घरी येऊन कडबा खाती. माझं तसं न्हाई."

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी उभा राहिलो. ती माझी संध्याकाळ नव्हती आणि हातात वाचायला काही नव्हतं. गोठ्यात जे बोललो तेच बोललो, थोडक्यात आणि अडखळत. सरांच्या बुटाशी आलो तेव्हा मागं कुणीतरी खुदकन हसलं, मग बरेच जण. मी हसू थांबायची वाट बघितली आणि पुढचं सांगितलं, परिच्छेदापर्यंत. तेव्हा कुणी हसलं नाही. एक वयस्कर बाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, आप्पाच आता दमले. आम्ही पण कुठं विचारायला गेलो?" दुसरे एकजण म्हणाले, "मग त्या बिनवशिंडाच्या बैलाचं काय करायचं?" त्यावर चर्चा बरीच झाली. फोटोवालं कारणही निघालं, कारण ती भीती काही माझ्या कबुलीनं नाहीशी होणार नव्हती. फादर म्हणाले, "गावात आप्पांना ओळखत नाही असा कोण आहे? फोटो काढला तर आप्पांसकट काढू." शेवटी बैल राहील, उंट राहील, आणि तांबडीही येईल, असं ठरलं. बोलवायला कमिटीतल्या चौघांना घेऊन मीच गेलो. आप्पांनी चहा पाजला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांचा पोरगा बाहेर येऊन म्हणाला, "गोशाळेचं संक्रांतीपर्यंत थांबवतो. पुढं बघू." एवढं मला तेव्हा पुष्कळ होतं.

चोवीस तारखेला दुपारी आप्पांचा फोन आला. "मला आता पाटात उतरवत न्हाई. धुवायची आसंल तर ये."

मी कधी गाय धुतलेली नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरलो आणि थंडीनं श्वासच अडकला. तांबडीनं पहिल्याच हिसक्याला मला कमरेपर्यंत भिजवलं. आप्पा काठावर पोतं टाकून उन्हात बसले होते आणि तिथून त्यांचं चाललं होतं.

"नारळाच्या शेंडीनं घास! हातानं काय गोंजारतोयस, पावनी हाय का ती?"

"घासतोय की."

"पोटाखाली. न्हाई, तितं न्हाई, लाथ मारंल... मारली का?"

"मारली."

"सांगितलं हुतं."

पुलावरून जाणारे दोघेजण मोटारसायकल थांबवून बघत उभे राहिले. त्यातला एक आमच्या कॉलेजात शिकलेला होता, मला ओळखणारा. "सर, तुम्ही?" म्हणाला. मी म्हटलं, "हो, मीच," आणि पुन्हा घासायला लागलो. सगळं होईपर्यंत माझी बोटं वाकत नव्हती. तिला काठावर आणून बाभळीला बांधली. अंगावरून पाणी निथळत होतं आणि उन्हात तिचा तांबडा रंग असा काही उघडला होता की मी बघत राहिलो.

"येताय ना संध्याकाळी?" मी विचारलं.

आप्पांनी गाईला शेपटीपासून शिंगापर्यंत न्याहाळलं.

"तिला वाळू दे आदी," ते म्हणाले, आणि पोत्यावर थोडं सरकून त्यांनी मला जागा केली. मी ओल्या कपड्यांनीच त्यांच्याशेजारी बसलो.